वजिराची नवी चाल

व्हिडिओ गेम या क्रीडाप्रकारासंबंधी आपल्याकडे जे थोडेबहुत गंभीरपणे बोलले जाते त्यात एक मत इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे मांडलेले मी ऐकले आहे की, ते आता मत न राहता जणू दप्तरी दाखल झालेला निकालच होऊन बसले आहे. ते मत असे की, एखादा खेळ क्रांतिकारक ठरतो तो त्यातील चित्रांच्या हुबेहूबपणामुळे. ज्या खेळात पाण्यावरचा तरंग खऱ्या पाण्यासारखा हलतो, ज्यातील माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजता येतात, ज्याच्या निर्मितीस चित्रपटाइतका पैसा आणि चित्रपटाइतकी माणसे लागली, तो खेळ नव्या युगाचा प्रवर्तक, आणि त्यापूर्वीचे सारे त्या युगाचे बालपण. या विषयावर माझ्याशी वाद घालणाऱ्या एका व्यासंगी स्नेह्यांनी तर या मतास इतिहासाचाही आधार दिला : ठिपक्यांतून रेषा, रेषांतून रंग, रंगांतून घनाकृती आणि घनाकृतींतून जिवंत भासणारी सृष्टी, असा हा जिना आहे, आणि त्याची प्रत्येक पायरी ही एकेक क्रांती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे स्नेही माझ्याहून अधिक खेळ खेळलेले आहेत आणि त्यांच्या जिव्हाळ्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते, कारण हे मत नुसते चुकीचे नाही, तर ज्या कलेवर ते प्रेम करू पाहते त्या कलेचे स्वत्वच ते तिच्यापासून हिरावून घेते.

प्रथम एक जुना दाखला पुराव्यादाखल रुजू करतो. बुद्धिबळाच्या पटावर आज सर्वांत प्रबळ मोहरा वजीर आहे, परंतु शतकानुशतके तो तसा नव्हता. हिंदुस्थानातून इराणात, इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात हा खेळ गेला, त्या साऱ्या प्रवासात राजाशेजारचा हा मंत्री तिरप्या दिशेने केवळ एक घर सरकू शके. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटली या देशांकडे त्याला सरळ आणि तिरपे, वाट मोकळी असेल तेथवर, धावण्याची मुभा मिळाली, उंटाचीही तिरपी वाट त्याच सुमारास लांबली, आणि जो खेळ संथपणे व्यूह रचीत जाई तो पाहता पाहता वादळी झाला. पट तोच चौसष्ट घरांचा, मोहऱ्यांची संख्या तीच, लाकूड तेच; बदलली ती एक चाल, आणि तिच्याबरोबर बदलले ते खेळणाऱ्याचे मन. उलटपक्षी, आमच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफांच्या गोल पानांवर दशावतार रंगविले ते लाखकामाचे वैभव मी डोळे भरून पाहिले आहे आणि त्या हातांना मी मनोमन वंदन करतो. तथापि त्या रंगांनी गंजिफांचा एकही नियम बदलला नाही, आणि बदलावा अशी त्या कलावंतांची प्रतिज्ञाही नव्हती.

माझा मुद्दा याहून स्पष्ट करावयाचा तर मला शाळेतील व्याकरणाकडे वळावे लागेल. कर्तरि प्रयोगात क्रियापद कर्त्याला अनुसरून आपले रूप बदलते; ‘मुलगा येतो’ आणि ‘मुली येतात’ यांत येणे एकच असले तरी येणारा बदलताच येण्याचे रूप बदलते. कर्मणि प्रयोगात तसे होत नाही. ‘मुलाने पोळी खाल्ली’ काय आणि ‘मुलीने पोळी खाल्ली’ काय, कर्ता कोणीही असो, क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कादंबरीचा वाचक आणि चित्रपटाचा प्रेक्षक हे साक्षी असतात. नायक मरावयाचा असेल तर आपण कितीही हळहळलो तरी तो मरतो, आणि त्या अटळपणातच त्या कलांचे सामर्थ्य आहे. खेळ ही मात्र अशी एकच कला आहे की, जिच्यात रसिकाला वाक्याच्या कर्तृपदी बसविले जाते, आणि जो खेळ या कर्त्याच्या हाती पूर्वी कोणी न दिलेले क्रियापद देतो, व ते क्रियापद त्याच्या बुद्धीप्रमाणे, भीतीप्रमाणे, लोभाप्रमाणे आपले रूप पालटीत जाईल अशी व्यवस्था करतो, तोच खेळ क्रांतिकारक होय.

आता पूर्वपक्षाच्या बाजूने जो सर्वांत बलवत्तर साक्षीदार उभा करता येईल तो मीच उभा करतो. १९८३ साली अमेरिकेतील पार्लरांत ‘ड्रॅगन्स लेअर’ नावाचे एक यंत्र आले. त्या काळी इतर यंत्रांच्या पडद्यांवर चौकोनी ठिपक्यांची जाडीभरडी माणसे धावत असताना या यंत्राच्या पडद्यावर अस्सल हातांनी रेखाटलेले, रंगविलेले चलच्चित्र दिसे, आणि ते रेखाटणारे डॉन ब्लूथ हे पूर्वी डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले कसलेले कलावंत होते. ती चित्रे लेझर डिस्कवर साठविलेली असत. एका डावास २५ सेंटचे नाणे पुरे होत असताना येथे ५० सेंट पडत, तरीही लोक यंत्राभोवती गर्दी करून उभे राहत. चित्रांची पायरी हीच जर क्रांतीची पायरी असती तर एवढी उंच उडी तोवर कोणीच घेतली नव्हती. परंतु खेळणाऱ्याने करावयाचे काय? ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दिशेस दांडा ढकलावयाचा किंवा तलवारीची कळ दाबावयाची. बरोबर दाबली तर पुढचा तुकडा, चुकली तर मरणाचा तुकडा. खेळणारा शूर असो वा भित्रा, धूर्त असो वा भोळा, पडद्यावरचे क्रियापद त्याच्यासाठी एका मात्रेनेही बदलत नसे; कर्तरि प्रयोगाचा वेश घेतलेला तो कर्मणि प्रयोग होता. एकदा क्रम पाठ झाला की मागे उरे ते सुमारे २२ मिनिटांचे सुंदर चलच्चित्र, आणि ते पाहून झाले की पुन्हा नाणे टाकण्यास कारण उरत नसे. त्याच्या पाठोपाठ लेझर डिस्कवरील खेळांची जी लाट आली ती दोन-तीन वर्षांत ओसरली. ब्लूथ यांच्या कुंचल्याकडे यत्किंचितही दोष नाही. दोष त्या समजुतीकडे आहे, जी आजही जिवंत आहे आणि आजही तीच मखलाशी करीत आहे.

याला उत्तर म्हणून असे सांगितले जाते की, चित्रे हे साधन असून साध्य आहे ती भावना. खरा चेहरा, खरे अश्रू दाखविल्याखेरीज खेळणाऱ्याचे हृदय हलणार नाही, आणि हृदय हलविणे हीच क्रांती. हृदय हलले पाहिजे हे मलाही मान्य आहे. परंतु ते कशाने हलते याचा शोध घेताना मी वाचकांस २०१३ साली लुकस पोप या एकट्या माणसाने रचलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या खेळाकडे नेऊ इच्छितो. आर्स्टोट्झ्का नावाच्या एका काल्पनिक राष्ट्राच्या सरहद्दीवरील नाक्यावर आपण कारकून आहोत. समोर रांग आहे, हाती नियमांचे पुस्तक आहे, आणि कळकट, मळकट रंगांत रेखाटलेली माणसे एकामागून एक खिडकीशी येऊन आपापले पारपत्र, परवाने, दाखले पुढे सरकवितात. तारीख जुळते काय, मोहोर खरी आहे काय, छायाचित्र त्याचेच आहे काय, हे तपासून मंजुरीचा किंवा नामंजुरीचा शिक्का मारावयाचा, एवढेच आपले काम. दिवसाची मजुरी निकालात काढलेल्या माणसांच्या संख्येवर ठरते. चुकीबद्दल आधी ताकीद आणि मग दंड. आणि रात्री त्या तुटपुंज्या पैशांतून घरभाडे वजा जाता अन्न, ऊब आणि औषध यांपैकी कशाला कात्री लावावयाची हेही आपणच ठरवावयाचे. अशा एका दिवशी एक गृहस्थ येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात, आणि आपली पत्नी मागोमाग येत आहे, तिला सांभाळून घ्या, असे विनवून तो पुढे जातो. पत्नी येते, तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नसतो. त्या बाईचा चेहरा म्हणजे मोजक्या चौकोनी ठिपक्यांची जुळवाजुळव, अश्रूंचा तेथे पत्ताही नाही. तरीही शिक्का उचललेला हात थबकतो, कारण तो हात आपला आहे, ताकीद आपल्या नावे येणार आहे आणि उद्या थंडीने कुडकुडणारे मूलही आपलेच आहे. शिक्का मारणे हे शुष्क सरकारी क्रियापद ज्या क्षणी पापपुण्याचे क्रियापद झाले त्या क्षणी या कलेने जे केले ते दुसऱ्या कोणत्याही कलेस याच रीतीने करता आले नसते.

काही मंडळी क्रांतीचा मान जो पहिला आला त्याला देतात. त्यांच्या या न्यायाने पाहता १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून निघालेले ‘मॅग्नाव्हॉक्स ऑडिसी’ हे घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडावयाचे यंत्र सर्वश्रेष्ठ ठरेल. बेअर यांचे ऋण मोठे आहे आणि त्यांचा अग्रहक्क न्यायालयातही टिकला. परंतु त्या यंत्रास आवाज नव्हता, गुण मोजणे त्याला येत नव्हते, देखाव्यासाठी काचेवर प्लॅस्टिकचे रंगीत पडदे चिकटवावे लागत, आणि सोबत फासे व पत्तेही येत. त्याच वर्षी ‘अटारी’च्या ॲलन ऑल्कॉर्न यांनी ‘पाँग’ रचताना चेंडू टोलविणाऱ्या फळीचे आठ भाग कल्पिले आणि चेंडू ज्या भागास लागेल त्याप्रमाणे त्याच्या परतण्याचा कोन ठरविला. मध्यभागी लागला तर सरळ, कडेला लागला तर तिरपा; म्हणजे सुरक्षित टोला आणि धाडसी टोला यांत निवड आली, आणि निवडीबरोबर स्वभाव आला. एका पांढऱ्या रेघेत माणसाचा स्वभाव उतरला! पहिलेपणाचा मान बेअर यांना जरूर द्यावा. क्रांतीची सनद त्या आठ भागांच्या नावे लिहावी लागेल.

यंत्राच्या दौर्बल्यातूनही केव्हा केव्हा नवे क्रियापद जन्मास येते. १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला तेव्हा ५५ आक्रमकांची फौज एका वेळी हलविताना त्यांच्या यंत्राची दमछाक होई. एकेक आक्रमक पडे तसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिक वेगाने सरकू लागत. चित्रवादी मनुष्याने हा दोष मानून यंत्र सुधारले असते. निशिकादो यांनी तो तसाच ठेवला, आणि आपण जितके यशस्वी होऊ तितके संकट अधिक वेगाने अंगावर येते हा अनुभव खेळाच्या इतिहासात दाखल झाला.

आणि आता टेट्रिस. त्याच्यावाचून हा वाद पुरा होणार नाही, किंबहुना माझी सारी कैफियत त्याच्यावरच उभी आहे. १९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सी पाझितनोव यांच्यापुढे जे ‘एलेक्ट्रोनिका ६०’ नावाचे यंत्र होते त्याला चित्र काढताच येत नव्हते, केवळ अक्षरे उमटविता येत. म्हणून त्यांनी चौकोनी कंसांच्या जोड्या जुळवून आपले आकार उभे केले. पाच-पाच चौकटींचे बारा लाकडी तुकडे डब्यात बसविण्याचे एक जुने कोडे आहे, त्यावरून ही कल्पना निघाली. पाचाच्या चार चौकटी झाल्या, बाराचे सात आकार झाले. पण वरून पडणारे तुकडे रचीत गेले की पडद्यावरची ती उभी विहीर काही क्षणांत भरून जाई आणि खेळ संपे. मग जी आडवी ओळ पूर्ण भरली ती नाहीशी करावी असे ठरले, आणि माझ्या मते याच नियमात वजिराची नवी चाल आहे. या एका नियमाने रचणे आणि पुसणे ही दोन परस्परविरोधी क्रियापदे एकच होऊन गेली. नीट केलेले काम डोळ्यांसमोरून लुप्त होते आणि चुकलेले तेवढे साठत जाते. समोर शत्रू नाही, राक्षस नाही, आहे ते केवळ आपले मघाचे निर्णय आणि वरून येत राहणारा तगादा.

या साधेपणाची खोली किती आहे ते गणितज्ञांनीच मोजून दाखविले आहे. इंग्रजी एस आणि झेड या अक्षरांसारखे दिसणारे दोन तुकडे आळीपाळीने येत राहिले तर कोणीही, कितीही कुशल असो, ७०,००० तुकडे पडण्याआधी हरणारच, असे हायडी बर्गिएल यांनी १९९७ साली सिद्ध केले. आणि २००२ साली एम.आय.टी.तील तीन संशोधकांनी दाखविले की, येणाऱ्या तुकड्यांची सबंध यादी आधीच हाती दिली तरी उत्तम मांडणी शोधणे हे संगणकशास्त्रात अतिकठीण मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडते. कंसांच्या जोड्यांतून उभा राहिलेला प्रश्न हा! जाता जाता हेही नमूद करणे मला न्यायाचे वाटते की, या खेळाचे हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले आणि १९९६ पावेतो निर्मात्याच्या पदरी त्याचे स्वामित्वधन पडले नाही. ही गोष्ट आठवली की मला आजही खंत वाटते.

माझ्या आईला टीव्हीवरचे खेळ म्हणजे डोळ्यांची हानी असे वाटे, आणि आम्हा भावंडांना त्यांपासून दूर ठेवण्यात तिने कधी कुचराई केली नाही. १९९० नंतरच्या दशकात यात्रांतून, स्टेशनाबाहेरच्या दुकानांतून टेट्रिस खेळण्याचे ‘ब्रिक गेम’ नावाचे जे हातात मावणारे प्लॅस्टिकचे यंत्र विकावयास आले, ज्याच्या खोक्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, आणि ज्याच्या करड्या काचेवर काळ्या चौकटींखेरीज काहीही दिसत नसे, ते आमच्या घरी आल्यावर पंधरा दिवसांत आईचे झाले. दुपारची झाकपाक आटोपली की ती खिडकीशी बसे. “अहो, जरा थांबा, लांब पट्टी येऊ दे,” असे ती वडिलांना सांगे, आणि त्या लांब पट्टीसाठी उजव्या कडेला तिने एक उभी वाट मोकळी राखलेली असे. तिला हे कोणी शिकविले नव्हते. खोक्यावरची इंग्रजी सूचना तिने वाचली नव्हती, मॉस्को तिला ठाऊक नव्हते. पण प्रवासाची ट्रंक भरताना जड पातळांसाठी जागा राखून ठेवणाऱ्या तिच्या बुद्धीला त्या यंत्राने एका नव्या क्रियापदात हाक मारली होती आणि ती हाक तिला पुरती कळली होती. माझ्या स्नेह्यांच्या जिन्यावर हे यंत्र अगदी तळाच्या पायरीखाली पडेल. ज्या जिन्यावर माझ्या आईच्या त्या दुपारींना जागा नाही तो जिना मला मान्य नाही.

याचा अर्थ तंत्रविद्या निरर्थक आहे असा कोणी काढील तर तो माझ्यावर अन्याय होईल. १९९६ च्या ‘सुपर मारियो ६४’ मध्ये घनाकृतींची सृष्टी आली, आणि नव्या यंत्राच्या बळावाचून ती येती ना. परंतु त्या खेळाचे मोठेपण डोंगर गोल दिसला यात नसून, अंगठ्याखालची काडी किंचित कलवली तर मारियो चोरपावलांनी चालतो आणि पूर्ण कलवली तर धावतो, यात आहे. अवकाश तेथे पाहावयाचा राहिला नाही, तो चालावयाचा झाला. १९९३ च्या ‘डूम’विषयीही मी हेच म्हणेन. जॉन कारमॅक यांचे गणित अद्भुत होते यात वाद नाही, पण त्या मंडळींनी खेळाचे नकाशे आणि चित्रे मूळ यंत्रणेपासून वेगळ्या फायलींत ठेवली आणि खेळणाऱ्यांना त्यांत फेरफार करण्याची मोकळीक दिली, हे माझ्या लेखी त्या गणितापेक्षाही मोठे कृत्य होय, कारण त्यामुळे खेळणे या क्रियापदाला रचणे हे क्रियापद येऊन मिळाले. विल राइट यांना तर हा साक्षात्कार बाँब टाकण्याचा खेळ रचतानाच झाला : बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती बांधण्यातच त्यांचे मन अधिक रमू लागले, आणि त्यातून १९८९ साली ‘सिमसिटी’ निघाला, ज्यात जिंकणेही नाही आणि हरणेही नाही, आणि नेमक्या त्याच कारणास्तव प्रकाशक ज्याला हात लावावयास कचरत होते. तंत्राने दार उघडले तर तंत्राचे उपकार मानावेत. पण दारावरच्या नक्षीलाच घर म्हणू नये.

विक्रीच्या आकड्यांविषयी मी फार लिहीत नाही. खपलेल्या प्रतींवरून क्रांती मोजावयाची तर शाळेच्या क्रमिक पुस्तकाइतके क्रांतिकारक वाङ्मय दुसरे नसेल. १९८० च्या सुमारास विद्यापीठांतील यंत्रांवर जो ‘रोग’ नावाचा खेळ खेळला जाई, ज्यात नायक म्हणजे एक ‘@’ हे चिन्ह होते आणि भुयार दर खेपेस नव्याने रचले जाई, तो बाजारात कधी मोठा झाला नाही. तरीही दर वेळी नवे भुयार आणि एकदाच मरण या त्याच्या व्यवस्थेवर आज खेळांची एक संपूर्ण जात उभी आहे आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

माझ्या स्नेह्यांचा शेवटचा आक्षेप असा होता की, हे सारे जुन्यांचे कौतुक झाले. ज्याची शक्यता संपली त्याला इतिहास म्हणावे, क्रांती म्हणू नये. या आक्षेपास मी एका घटनेने उत्तर देतो. निंटेंडोच्या घरगुती यंत्रावरील टेट्रिस १९८९ साली निघाला. त्याच्या २९ व्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की कळ दाबून धरल्यास ते कडेपर्यंत पोचतच नाहीत, आणि म्हणून तीच त्या खेळाची हद्द, असे वर्षानुवर्षे सर्वांनी मानले होते. पुढे काही खेळाडूंनी अंगठा कळेवर नुसता टेकवून ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हातातल्या कंट्रोलरच्या पाठीवर ओळीने टकटक करावयाची, म्हणजे प्रत्येक बोटागणिक कळ एकेकदा दाबली जाते, अशी युक्ती शोधून काढली. तबल्यावर बोटे फिरावीत तशी ती बोटे फिरतात. ज्यांनी तो कंट्रोलर घडविला त्यांच्या मनात त्याच्या पाठीचा असा उपयोग कधी आला नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात १३ वर्षांचा एक अमेरिकन मुलगा याच रीतीने खेळत १५७ व्या पातळीवर पोचला, आणि तेथे, त्या खेळाच्या जन्मानंतर ३४ वर्षांनी, प्रथमच असे झाले की माणूस थांबला नाही, यंत्रच जागच्या जागी गोठले.